घरातली बातमी घरातच का अडते? आयबीजीपीच्या एका जुन्या नियमाची गोष्ट

आजचा भाग इंटरनेटच्या पोटातल्या एका नियमाबद्दल आहे. नियम जुना आहे, एका ओळीत सांगता येतो, आणि आजही नेटवर्कवाल्यांची रात्रीची झोप घालवतो. ज्यांचा राउटरशी काही संबंध नाही त्यांनीही ऐका, कारण शेवटी गोष्ट येऊन थांबते ती तुमच्या-माझ्या तोंडच्या दोन शब्दांवर: "सर्व्हर डाउन."

तहसीलमध्ये, सेतू केंद्रात, रेशनच्या दुकानात हे दोन शब्द आपण सगळ्यांनी ऐकलेत. माणूस समुद्रपूरच्या एखाद्या खेड्यातून रोज बुडवून येतो, रांगेत उभा राहतो, आणि खिडकीतून उत्तर येतं, सर्व्हर डाउन आहे, उद्या या. पुष्कळदा सर्व्हर ठणठणीत असतो. वायरही तुटलेली नसते. त्या सर्व्हरकडे जायचा रस्ता कुणीतरी कुणालातरी सांगितलेला नसतो, एवढंच. आणि सांगितला नाही तो चुकून नव्हे, नियमानुसार. हा नियम आला कुठून, ते आज बघू.

आधी एक काल्पनिक जाळं

समजा, वर्धा जिल्ह्यात एका संस्थेची तीन कार्यालयं आहेत: हिंगणघाट, वर्धा आणि आर्वी. तिन्ही ठिकाणी एकेक राउटर. बाहेरच्या जगाची लाइन येते हिंगणघाटला. हिंगणघाट वर्ध्याला जोडलेलं, वर्धा आर्वीला जोडलेलं. हे जाळं मी इथे उदाहरणापुरतं उभं केलंय, पण वर्ध्याला मधोमध ठेवायला कारण आहे. वर्धा जिल्हा १८६२ साली नागपूरपासून वेगळा झाला तेव्हा मुख्य ठाणं पुलगावजवळच्या कवठ्याला होतं. पुढे १८६६ साली पालकवाडी या खेड्याच्या जागी आजचं वर्धा शहर वसवलं. १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत पोचली, नंतर दक्षिणेचा फाटा निघाला आणि वर्धा जंक्शन झालं. तेव्हा मधला माणूस म्हणून वर्धा आपल्याला शोभतं.

आता हिंगणघाटच्या राउटरला बाहेरून कळलं की मुंबईतल्या अमुक सर्व्हरकडे जायचा रस्ता माझ्याकडून जातो. त्याने ते वर्ध्याला सांगितलं. वर्ध्याने ऐकलं, वहीत लिहिलं, आणि आर्वीला सांगितलंच नाही. आर्वीचा तंत्रज्ञ बघतो तर वर्ध्याशी संबंध उत्तम. स्क्रीनवर "एस्टॅब्लिश्ड" लिहून आलंय. वर्ध्याला पिंग जातोय. लाल दिवा नाही, एरर नाही. फक्त रूट नाही.

हा बीजीपीचा, म्हणजे बॉर्डर गेटवे प्रोटोकॉलचा, नेहमीचा प्रसंग. दोन वेगवेगळ्या संस्थांची जाळी एकमेकांना रस्ते सांगतात तेव्हा तो ईबीजीपी, बाहेरचा. एकाच संस्थेतले राउटर आपसात सांगतात तेव्हा तो आयबीजीपी, आतला. भाषा तीच, पण घरातले कायदे वेगळे.

ऑस्टिनचे कागदी रुमाल

१९८० च्या दशकात इंटरनेटवरची जाळी एकमेकांना रस्ते सांगायची ती ईजीपी नावाच्या पद्धतीने. ईजीपीने गृहीत धरलं होतं की जगाची रचना झाडासारखी आहे: मधे एक खोड, त्याला फांद्या, फांद्या एकमेकींना कुठे जुळत नाहीत. अमेरिकेत एनएसएफनेट उभं राहिलं, जाळी आडवीतिडवी जोडली जाऊ लागली, आणि झाडाचं झालं कुंपणावरच्या वेलीचं गुंतवळ. गुंतवळात धोका एकच, घुमत राहण्याचा. अ म्हणतो ब कडे जा, ब म्हणतो क कडे जा, क म्हणतो अ कडे जा. पॅकेट बिचारं गोल गोल फिरून मरतं.

जानेवारी १९८९ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनला आयईटीएफची बैठक होती. तिथे जेवणाच्या टेबलावर सिस्कोचे कर्क लॉहीड आणि आयबीएमचे याकोव्ह रेख्टर यांनी नव्या पद्धतीचा आराखडा कागदी रुमालांवर खरडला, ही गोष्ट नेटवर्कवाल्यांत प्रसिद्ध आहे. म्हणून बीजीपीला गमतीने रुमालावरचा प्रोटोकॉल म्हणतात. त्याच वर्षी जूनमध्ये आरएफसी ११०५ या क्रमांकाने तो कागदावर आला.

त्यातली मुख्य युक्ती आपल्या पोस्टातली वाटावी अशी आहे. प्रत्येक संस्थेच्या जाळ्याला एक क्रमांक असतो, एएस क्रमांक. रस्त्याची बातमी एका जाळ्यातून बाहेर पडताना ते जाळं तिच्यावर आपल्या क्रमांकाचा शिक्का मारतं. बातमी फिरत फिरत जाते तशी शिक्क्यांची माळ वाढत जाते. आणि एखाद्या जाळ्याला आलेल्या बातमीवर आपलाच शिक्का दिसला, की ते समजतं, ही आपल्याच दारातून निघून फिरून आलीय. टाकून दे. घुमणं बंद. साधी, स्वस्त आणि पक्की युक्ती.

घरात शिक्का एकच

पण आता घराच्या आत या. हिंगणघाट, वर्धा, आर्वी, तिघांचा एएस क्रमांक एकच. आतल्या आत बातमी सांगताना शिक्का मारला जात नाही, आणि मारला तरी उपयोग काय? तिघांचा शिक्का सारखाच. म्हणजे जी युक्ती बाहेर घुमणं थांबवते, ती घरात आंधळी.

मग घरासाठी वेगळा कायदा केला: घरातल्या एकाकडून ऐकलेलं घरातल्या दुसऱ्याला सांगायचं नाही. बाहेरून ऐकलं तर सगळ्या घराला सांगा. स्वतःचं असेल तर सगळ्यांना सांगा. पण घरातल्याने सांगितलेलं तिथेच थांबवा. वाड्यात अफवा पसरू नये म्हणून एखादी आजी असाच कायदा करील: ज्याने पाहिलं त्यानेच सांगायचं, ऐकीव कुणी पुढे न्यायचं नाही. घुमायला वावच उरत नाही.

वर्ध्याने आर्वीला रस्ता सांगितला नाही तो यामुळे. तो बिघडलेला नव्हता, कायदा पाळत होता.

या कायद्याची किंमत मात्र मोठी आहे. ऐकीव चालत नसेल तर प्रत्येकाची प्रत्येकाशी थेट बोलाचाली हवी. याला फुल मेश म्हणतात. तार थेट असायला हवी असं नाही. आर्वी आणि हिंगणघाट वर्ध्याच्या तारेवरूनच आपसात बोलू शकतात, पण दोघांच्या सेटिंगमध्ये एकमेकांचं नाव शेजारी म्हणून लिहिलेलं हवं. तीन राउटर असतील तर तीन जोड्या, सोपं आहे. वर्धा जिल्ह्यात आठ तालुके आहेत. तालुक्याला एक राउटर धरला तर जोड्या २८. राज्यातल्या ३६ जिल्ह्यांना एकेक धरला तर ६३०. आणि ३५८ तालुक्यांना धरला तर ६३,९०३. एक नवा तालुका जोडायचा तर आधीच्या ३५८ ठिकाणी जाऊन त्याचं नाव लिहा. कुठेतरी एक राहणारच, आणि राहिलं की तिथे कुठलाही आवाज न होता रस्ता गायब.

आपल्याकडे तेव्हा काय चाललं होतं

रुमालावर हे खरडलं जात होतं तेव्हा आपल्याकडे एर्नेटचे दिवस होते. १९८६ साली केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने हे शैक्षणिक जाळं सुरू केलं. त्यात पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईची एनसीएसटी आणि खुद्द विभाग होता. सुरुवातीला फक्त ईमेल. जानेवारी १९९१ मध्ये दिल्ली आणि मुंबई यांच्यात ९.६ किलोबिटची लीज्ड लाइन आली. आज तेवढ्या वेगाने व्हॉट्सअ‍ॅपवरचा एक फोटो यायला मिनिटं लागतील. १९९२ मध्ये एनसीएसटीतून अमेरिकेला ६४ किलोबिटची जोड झाली. तिकडे सरकारी निकनेट उपग्रहाच्या छोट्या तबकड्यांवरून जिल्हा मुख्यालयांपर्यंत पोचत होतं. मधे दिल्लीचं मोठं केंद्र, भोवती जिल्हे.

अशा रचनेत बाहेर जायला दार एकच असतं. मग कुणी कुणाला रस्ता सांगायचा हा प्रश्नच फारसा येत नाही. सगळ्यांना एकच वाक्य पुरतं: काही कळलं नाही तर मधल्याकडे पाठवा. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने सामान्य ग्राहकांना इंटरनेट दिलं, १९९८ च्या अखेरीस खाजगी कंपन्यांना परवानगी मिळाली, २००३ मध्ये देशातली वाहतूक देशातच वळवायला निक्सी आलं. दारं वाढली. एकाच संस्थेला दोन-तीन शहरांतून बाहेर पडता येऊ लागलं, आणि कुठल्या दाराने जायचं हे आतल्या सगळ्या राउटरांना कळणं गरजेचं झालं. आयबीजीपीचं दुखणं हे असं दुसरं दार आलं की सुरू होतं.

१९९६: कायद्याला पळवाट

फुल मेशचं ओझं मोठ्या कंपन्यांना असह्य झालं तेव्हा जून १९९६ मध्ये लागोपाठ क्रमांकांची दोन कागदपत्रं आली. आरएफसी १९६५ ने सुचवलं की मोठ्या घराच्या आत छोटी छोटी खोटी घरं करा, प्रत्येकाला आतला वेगळा क्रमांक द्या. याला कॉन्फेडरेशन म्हणतात. आणि टोनी बेट्स व आर. चंद्रशेखरन यांच्या आरएफसी १९६६ ने दुसरा उपाय दिला, तो जास्त रुजला: रूट रिफ्लेक्टर.

कल्पना अशी की घरातल्या एकाला निरोप्या नेमा. ऐकीव पुढे सांगायची मुभा फक्त त्याला. त्याच्या हाताखालचे ते क्लायंट. क्लायंटकडून आलेली बातमी तो सगळ्यांना सांगतो. क्लायंट नसलेल्याकडून आलेली बातमी तो फक्त क्लायंटांना सांगतो. आपल्या उदाहरणात वर्ध्याला निरोप्या केलं की २८ जोड्यांच्या जागी सातच लागतात.

मग घुमण्याचं काय? इथे गंमत आहे. घरात जो शिक्का नव्हता तोच त्यांनी आणला. निरोप्या बातमी पुढे देताना तिच्यावर दोन खुणा करतो. घरात ही बातमी मुळात कुणी आणली त्याची ओळख, म्हणजे ओरिजिनेटर आयडी. आणि ती कुठल्या कुठल्या निरोप्याच्या हातून गेली त्याची यादी, म्हणजे क्लस्टर लिस्ट. आपलीच खूण परत आलेली दिसली की टाकून द्यायची. १९८९ मध्ये बाहेरच्यांसाठी वापरलेली युक्ती १९९६ मध्ये घरात आली, आणि म्हणूनच जुना कायदा सैल करणं सुरक्षित झालं.

बिघाड शोधताना

आता मुद्द्यावर येतो. रूट का पोचला नाही हे शोधायची जी तपासणी आहे, तिची एकेक पायरी म्हणजे या इतिहासातलं एकेक पान आहे. ते लक्षात ठेवलं तर आज्ञा पाठ कराव्या लागत नाहीत.

पहिलं, दोघांची बोलाचाली आहे का? बीजीपी आपलं बोलणं टीसीपीच्या १७९ क्रमांकाच्या पोर्टवरून करतो. घरातले राउटर बहुधा लूपबॅक पत्त्यावरून बोलतात, म्हणजे कुठल्याही एका तारेशी न बांधलेल्या पत्त्यावरून. एकाने तो पत्ता वापरला आणि दुसऱ्याला वेगळ्याच पत्त्यावरून हाक ऐकू आली, तर तो ओळख दाखवत नाही. पण "एस्टॅब्लिश्ड" दिसलं म्हणून खूश होऊ नका. फोन लागला याचा अर्थ निरोप मिळाला असा होत नाही.

दुसरं, सांगणाऱ्याने ही बातमी कुणाकडून ऐकली? बाहेरून की घरातून? घरातून ऐकली असेल तर १९८९ चा कायदा लागू. मग विचारा, सांगणारा निरोप्या नेमलेला आहे का? इथे नवखे हमखास चुकतात. रिफ्लेक्टरची नेमणूक रिफ्लेक्टरच्याच सेटिंगमध्ये करायची असते. आर्वीच्या राउटरवर काही लिहायचं नसतं. आपण क्लायंट आहोत हे त्याला ठाऊकही नसतं. आर्वीत बसून तासन्‌तास शोधलं तरी दोष सापडणार नाही, कारण तो वर्ध्यात आहे.

तिसरं, सांगणाऱ्याला स्वतःला तो रस्ता पटलाय का? बीजीपी ऐकलेलं सगळं पुढे सांगत नाही. त्याने स्वतः निवडलेला, सगळ्यांत उत्तम ठरवलेला रस्ताच सांगतो. आणि इथे येतो नेक्स्ट हॉपचा घोळ. बाहेरून आलेल्या बातमीत पुढच्या मुक्कामाचा पत्ता असतो, आणि घरात सांगताना आयबीजीपी तो बदलत नाही. रेल्वेच्या भाषेत सांगतो. हिंगणघाट म्हणतंय, चेन्नईला जायचं तर बल्लारशावर गाडी पकडा. बरोबर आहे. पण बल्लारशाला कसं जायचं हेच वर्ध्याला माहीत नसेल तर? तो ही बातमी वहीत ठेवतो, पण वैध धरत नाही, आणि निरोप्या असूनही आर्वीला सांगत नाही. म्हणजे बघा, तक्रार आर्वीत, पुरावा वर्ध्यात, आणि मूळ हिंगणघाटात. उपाय हिंगणघाटात करायचा. तिथे नेक्स्ट-हॉप-सेल्फ ही सेटिंग लावली की तो बल्लारशाचं नाव न घेता म्हणतो, माझ्या स्टेशनावर या, पुढची गाडी मी लावून देतो. हिंगणघाटचं स्टेशन घरातल्या सगळ्यांना ठाऊक असतंच.

चौथं, मधे गाळणी आहे का? रस्ते सांगताना आणि ऐकताना फिल्टर लावता येतात. फिल्टर बदलला तरी आधी सांगून झालेल्या बातम्या आपोआप परत सांगितल्या जात नाहीत. पूर्वी त्यासाठी सगळी बोलाचाली तोडून पुन्हा जोडावी लागे. २००० साली रूट रिफ्रेश आलं, आणि बोलाचाली न तोडता "पुन्हा एकदा सगळं सांग" म्हणायची सोय झाली. फिल्टर दुरुस्त केला पण रूट येत नाही, तर आधी हे करा.

पाचवं, बातमी पोचली पण ऐकणाऱ्याने फेकून दिली का? दोन राउटरांना चुकून एकच राउटर आयडी दिला गेला, की दुसऱ्याला वाटतं ही माझीच बातमी परत आली. दोन रिफ्लेक्टरांना एकच क्लस्टर आयडी असेल तर ते एकमेकांनी पुढे दिलेले रूट टाकून देतात. सगळे क्लायंट दोघांशीही बोलत असतील तर काही बिघडत नाही. पण एखादा क्लायंट एकाशीच बोलत असेल तर दुसऱ्याच्या अंगणात तो दिसेनासा होतो.

या पाचही पायऱ्यांचं काम दोन याद्या करतात. सांगणाऱ्याकडे जाऊन बघा, त्याने काय सांगितलं. ऐकणाऱ्याकडे जाऊन बघा, त्याने काय ऐकलं. पहिल्या यादीत रूट नाही, तर दोष सांगणाऱ्याच्या बाजूला. पहिलीत आहे आणि दुसरीत नाही, तर ऐकणाऱ्याच्या दारात. दोन्हीत आहे आणि तरी वाहतूक चालत नाही, तर नेक्स्ट हॉप किंवा मधला राउटर तपासा. एकाच टोकाला बसून शोधणारा माणूस अंदाज करत राहतो.

जास्त सांगितलं तर

हा कायदा इतका कडक कशाला, असं वाटत असेल तर दोन अलीकडच्या घटना सांगतो. ८ जुलै २०२२ ला कॅनडातल्या रॉजर्स कंपनीत काम चालू असताना एक फिल्टर काढला गेला. मार्गांच्या बातम्यांचा लोंढा आतल्या मुख्य राउटरांवर आदळला आणि ते बसले. १.२ कोटींहून अधिक ग्राहकांची सेवा गेली, डेबिट कार्डं चालेनात, अनेकांना ९११ ही तातडीची मदत मिळेना. दुरुस्ती करणाऱ्यांचं स्वतःचं जाळंही त्याच मुख्य जाळ्यावर टांगलेलं होतं, त्यामुळे बिघाडापर्यंत पोचायलाच वेळ गेला. पुढच्या वर्षी, ८ नोव्हेंबर २०२३ ला, ऑस्ट्रेलियात ऑप्टसच्या राउटरांवर असाच लोंढा आला. बातम्यांची ठरवलेली मर्यादा ओलांडली आणि त्यांनी स्वतःला जाळ्यापासून तोडून घेतलं. सुमारे १ कोटी ग्राहक दिवसातला बराच काळ संपर्काबाहेर, आणि तिथेही दोन हजारांहून अधिक जणांचे तातडीच्या क्रमांकाचे फोन लागले नाहीत.

म्हणजे कमी सांगितलं तर आर्वी अंधारात, आणि विनाचाळणी सगळं सांगितलं तर अख्खं घर. म्हणून आर्वीचा तंत्रज्ञ घाईघाईत सगळे फिल्टर उघडून मोकळा झाला तर त्याचा रूट येईल, पण उद्याच्या मोठ्या बिघाडाची सोयही तो करून ठेवील. कुणी काय सांगायचं नव्हतं, हे आधी बघायचं आणि मग तेवढंच उघडायचं.

बीजीपीची आजची आवृत्ती चौथी आहे. तिचं सध्याचं मुख्य कागदपत्र, आरएफसी ४२७१, २००६ सालचं. त्यातही घरातलं ऐकीव घरात न सांगण्याचा कायदा तसाच आहे, आणि रिफ्लेक्टर आजही अपवाद म्हणून वेगळ्या कागदात राहतो. त्यामुळे नवा राउटर खोक्यातून काढून जोडला की तो आधी जुना कायदाच पाळतो. निरोप्या कुणाला करायचं हे माणसानेच सांगावं लागतं.

तेव्हा जिल्ह्याच्या जाळ्यावर काम करणाऱ्या श्रोत्यांना एक विनंती. आपल्याकडे कोण कुणाचा निरोप्या आहे याची एका पानाची यादी काढून राउटरच्या कपाटाला चिकटवून ठेवा, तारखेसह. रात्री अकराला फोन येईल तेव्हा ती उपयोगी पडेल, आणि खिडकीसमोरच्या माणसाला "उद्या या" ऐवजी "अर्ध्या तासाने या" सांगता येईल.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्याकडे रूट हरवल्याचा असा प्रसंग घडला असेल तर कंपनीचं नाव न घेता लिहून पाठवा, पुढच्या एखाद्या भागात त्यावर बोलू. भेटू या.